माथेरानची छोटी गाडी : ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

भारतातील रेल्वेचा इतिहास सांगताना बहुधा मोठ्या मार्गांचीच नावे घेतली जातात. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी, १८६३ साली पुरा झालेला बोरघाट, १८७० साली मुंबई आणि कलकत्ता यांची पडलेली गाठ, हे टप्पे शाळेच्या पुस्तकांतूनही आढळतात. या थोर मार्गांच्या कडेने जे लहान फाटे निघाले, कोणी कापसासाठी, कोणी यात्रेकरूंसाठी, कोणी थंड हवेसाठी, त्यांची दखल मात्र फारशी घेतली जात नाही. असा एखादा फाटा बंद पडला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. पुन्हा सुरू झाला की छायाचित्र येते. मधल्या काळात काय घडले, ते का घडले आणि त्यात कोणाचे काय गेले, हे सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका लहान मार्गाचा, नेरळ–माथेरान रेल्वेचा, इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही हे लिहितो ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सुपा या गावातून. सुप्याला रेल्वे नाही. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाच्या दिवसांत धोंड–मनमाड हा लोहमार्ग बांधला गेला आणि १८७८ साली तो खुला झाला. परंतु तो श्रीगोंदे, नगर, राहुरी असा सुप्याच्या पूर्वेकडून निघून गेला. सुप्याच्या वाट्याला आला तो नगर–पुणे हमरस्ता. आज या रस्त्यावर औद्योगिक वसाहत उभी आहे, मालमोटारींची रांग रात्रंदिवस तुटत नाही, आणि तरीही रेल्वेने पुणे गाठावयाचे तर आधी नगरला जाऊन दौंडचा वळसा घालावा लागतो. नगर–पुणे थेट रेल्वेची मागणी या भागात फार जुनी आहे. ज्यांना रेल्वे हवी आहे त्यांनी, ज्यांच्याकडे ती होती आणि वारंवार बंद पडत गेली त्यांचा इतिहास वाचावा, असे आम्हांस वाटते. आमच्या शाळांच्या आणि धर्मग्रामांच्या सहली माथेरानला जातात. मुले छोट्या गाडीत बसतात, माकडे पाहतात आणि परत येतात. परंतु त्या गाडीमागे एक मोठा प्रश्न उभा आहे, तो असा : केवळ पाहुण्यांसाठी चालणारी रेल्वे टिकू शकते काय?

डोंगर आणि त्यावरील रान

माथेरान हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा झालेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा डोंगर. माथ्यावरील रान ते माथेरान, अशी या नावाची सामान्यतः सांगितली जाणारी व्युत्पत्ती आहे. ठाणे जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे मे १८५० मध्ये या डोंगरावर चढले आणि त्यांनी माथेरानचा ‘शोध’ लावला, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. धनगर, ठाकूर आणि कातकरी या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होतेच. तेव्हा हा शोध इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने शोध, एवढाच त्याचा अर्थ. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळाच्या उभारणीस चालना दिली. मुंबईतील इंग्रज, पारशी, बोहरी आणि गुजराती श्रीमंतांचे बंगले झाडीतून उभे राहू लागले. १९०५ साली तेथे नगरपालिका स्थापन झाली.

डोंगराच्या पायथ्याशी नेरळ हे स्थानक रेल्वेच्या आरंभकाळातच झाले होते. परंतु नेरळहून वर जावयाचे म्हणजे घोडा, डोली किंवा स्वतःचे पाय. पाहुण्यांचे सामान, धान्य, भाजीपाला, बांधकामाचे साहित्य, सारे काही माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून वर जात असे. ज्यांच्या खांद्यांवर हा भार होता ती माणसे खालच्या वाड्यांतील होती. माथेरानचा पहिला अर्धशतकाचा वैभवकाळ या खांद्यांवर उभा राहिला, ही गोष्ट बंगल्यांच्या वर्णनात हरवून जाते.

पीरभॉय पितापुत्रांचे धाडस

या चढणीवर रेल्वे नेण्याचा विचार सरकारने केला नाही. तो केला मुंबईतील एका दाऊदी बोहरा घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे तंबू व इतर लष्करी सामानाच्या व्यापारात मोठी संपत्ती मिळविलेले गृहस्थ. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांचे माथेरानला नित्य येणे-जाणे असे. पित्याचे भांडवल आणि पुत्राचा ध्यास यांतून १९०० च्या सुमारास या मार्गाची योजना तयार झाली. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. २२ मार्च १९०७ हा तिचा जन्मदिवस मानला जातो. या कामास त्या काळचे सुमारे १६ लाख रुपये लागले.

मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. नेरळ ते माथेरान साडेसातशे मीटरहून अधिक उंची गाडीने चढावयाची; काही ठिकाणी वीस फुटांच्या वाटेत एक फूट चढ. पोलादी दातेरी पट्टीचा आधार न घेता, नुसत्या चाकांच्या पकडीवर ही चढण चढावयाची, म्हणून मार्ग डोंगराच्या अंगावरून सापासारखा वळवीत नेला आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान ही वाटेतील स्थानके. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच, तोही इतका तोकडा की त्याला ‘वन किस टनेल’ असे खट्याळ नाव पडले. वळणांवर गाडीचा वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. उतरताना प्रत्येक डब्यावरील माणूस चालकाच्या शिट्टीची खूण ऐकून हाताने ब्रेक आवळीत असे. या माणसांच्या कानांवर आणि मनगटांवर प्रवाशांचे प्राण सोपविलेले असत.

एकाच अभियंत्याच्या तीन गाड्या

या मार्गाचे सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हे नाव आमच्या भागातील जाणत्या वाचकांस परके वाटू नये. कारण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच कृती. कॅल्थ्रॉप १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. कापसाची पेठ असलेली बार्शी मुख्य मार्गापासून दूर पडली होती आणि माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीस न्यावा लागे. रुंद मार्ग बांधण्याइतका पैसा नाही म्हणून गावाने रेल्वेवाचून राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. रूळ हलके असले तरी चालतील. मात्र इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावर पडणारे वजन सारखे आणि मर्यादित असले पाहिजे, हे त्यांचे सूत्र. त्या सूत्रावर अडीच फूट रुंदीची बार्शीची रेल्वे १८९७ साली धावली. पुढे तिचे फाटे पंढरपूर व लातूरपर्यंत आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेले. विठ्ठलाच्या वारीस निघालेल्या असंख्य माणसांना तिने वाहून नेले.

माथेरानसाठी प्रश्न वेगळा होता. तेथे वळणे इतकी तीव्र की साधे इंजिन त्यांतून वळलेच नसते. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याकडून चार खास इंजिने आणविण्यात आली. त्यांच्या बाहेरच्या बाजूंचे आस पोकळ असून आतील भरीव आसाभोवती ते थोडे तिरपे होऊ शकत. त्यामुळे सहा चाकांचे इंजिन वळणात अडकत नसे. ही इंजिने १९८२ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे चालली. दरम्यान डिझेल इंजिने आली होतीच. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर ही जुनी इंजिने प्रदर्शनाच्या वस्तू झाली.

कॅल्थ्रॉप यांची तिसरी गाडी त्यांच्या मायदेशी होती. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यातून १९०४ साली त्यांनी एक रेल्वे सुरू केली. तिचे इंजिन बार्शीच्या इंजिनाच्या धर्तीवर बांधलेले होते. खोरे निसर्गरम्य, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी शहरांतील माणसे तेथे लोटत. परंतु वर्षाचे बाराही महिने त्या गाडीला पोसले ते दुधाने. खोऱ्यातील शेतकऱ्यांचे दूध रोज तीच वाहून नेई. रस्त्यावर मोटारी आल्या, १९३२ साली वाटेवरचा दुग्धालयाचा कारखाना बंद झाला, आणि मार्च १९३४ मध्ये ती रेल्वेही बंद पडली. सहल करणारे लोक होतेच. परंतु केवळ त्यांच्या तिकिटांवर मार्ग जगू शकला नाही. रूळ उखडले गेले आणि १९३७ साली त्या जागी पायवाट झाली. ती आजही आहे.

एकाच माणसाच्या विचारातून निघालेल्या या तीन गाड्यांचे पुढे काय झाले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मॅनिफोल्डची गाडी संपली. बार्शीची गाडी १९५४ साली सरकारने विकत घेतली आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. छोटी गाडी गेली, परंतु मार्ग जगला, कारण लातूर, बार्शी, पंढरपूर, मिरज येथील माणसांना आणि मालाला त्याची रोजची गरज होती. माथेरानची गाडी मात्र संपलीही नाही आणि वाढलीही नाही. ती मधल्या अवस्थेत आहे. तिचे रूळ रुंद करता येत नाहीत, कारण डोंगर त्यास वाव देत नाही. आणि ती मोडून टाकणे कोणाच्या मनास पटत नाही.

ऱ्हासाची कारणे

ऱ्हास हा एका दिवसात होत नसतो. माथेरानच्या गाडीच्या बाबतीत त्याचा आरंभ पावसाने नव्हे, रस्त्याने झाला. नेरळपासून दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारींचा रस्ता झाला आणि गाडीला जी चढण चढावयास दोन तासांहून अधिक लागतात ती टॅक्सीने अर्ध्या तासात संपू लागली. ज्याला कामासाठी वर जावयाचे आहे, ज्याला दवाखान्यासाठी खाली यावयाचे आहे, तो टॅक्सीकडे वळला. भाजीपाला, किराणा, गॅसच्या टाक्या मालमोटारीने दस्तुरीपर्यंत येऊ लागल्या. गाडीकडे उरले ते पाहुणे. तेही वेळ हाताशी असलेले. गावाची नित्याची गरज भागविणारी रेल्वे हळूहळू हौसेची वस्तू झाली, आणि हौसेच्या वस्तूवर खर्च करताना कोणाचाही हात आखडतो.

येथे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. दस्तुरीच्या पुढे माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव आहे. हा नियम जुना असून २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हा त्याला अधिकच बळकटी आली. त्यामुळे दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर अंतर चालत, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून तोडावे लागे. मालही तसाच जातो. म्हणजे रस्त्याने रेल्वेचे काम काढून घेतले ते अर्धेच. उरलेले अर्धे पुन्हा माणसांच्या खांद्यावर आणि जनावरांच्या पाठीवर येऊन पडले.

या पार्श्वभूमीवर पावसाचे तडाखे आले. २६ जुलै २००५ च्या प्रलयात, ज्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी हा मार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला. मार्च २००७ मध्ये, शताब्दीच्या मुहूर्तावर, तो पुन्हा सुरू झाला. मे २०१६ च्या पहिल्या आठवड्यात लागोपाठ दोनदा डबे रुळांवरून घसरले आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव गाडी बंद झाली. पूर्ण मार्गावर ती जानेवारी २०१८ मध्ये धावली. पुढे ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीने मार्गाखालची माती पुन्हा खचली, आणि नेरळहून गाडी सुटण्यास २२ ऑक्टोबर २०२२ हा दिवस उजाडावा लागला. हिशेब मांडला तर २००५ ते २०२२ या सतरा वर्षांपैकी सुमारे साडेसहा वर्षे पूर्ण मार्गावर गाडी धावलीच नाही. शिवाय दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवला जातो, तो वेगळाच.

या काळात गावाचे काय झाले? २००१ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ५,१३९ होती. २०११ मध्ये ती ४,३९३ भरली. ही घट केवळ रेल्वेमुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षण, दवाखाना, रोजगार अशी अनेक कारणे माणसांना खाली खेचतात. परंतु ज्या गावाला जाण्यायेण्याचा भरवसा नाही, तेथे माणसे टिकत नाहीत, हे कोणत्याही ग्रामीण भागातील माणसास सांगावे लागत नाही.

माथेरानच्या इतिहासात पाहुण्यांच्या बंगल्यांइतकेच तेथील रहिवाशांनाही स्थान आहे. स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल हे याच गावचे. माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेल्या या तरुणाने खालच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर प्राण दिले. पाहुण्यांसाठी वसविलेल्या गावातही असे जीवन होते आणि आहे. रेल्वेचा विचार करताना ते नजरेआड होता कामा नये.

पुनरुज्जीवन कशाला म्हणावे?

२०२२ साली गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा रेल्वेने बरेच काम केले होते. काँक्रीटचे स्लीपर टाकले गेले, दरीच्या बाजूस कठडे उभे राहिले, दरडीच्या जागी गॅबियनच्या, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेल्या भिंती रचल्या गेल्या. डब्यांना मोठ्या काचा बसल्या. युनेस्कोच्या जागतिक वारशात दार्जिलिंगची रेल्वे १९९९ साली, निलगिरीची २००५ साली आणि कालका–सिमला मार्ग २००८ साली दाखल झाला. माथेरानचे नाव संभाव्य यादीत आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि वारशाचा किताब मिळाला म्हणजे मार्ग वाचला, अशी समजूत आम्ही करून घेत नाही.

आमच्या मते या गाडीचा खरा आधार तिच्या सर्वांत लहान टप्प्यात आहे. अमन लॉज ते माथेरान या जेमतेम पावणेतीन किलोमीटरच्या अंतरावर २०१२ पासून शटल गाडी धावते. पूर्ण मार्ग बंद असतानाही बहुतेक काळ हीच चालू राहिली. याचे कारण उघड आहे. नेरळ ते दस्तुरी या टप्प्याला टॅक्सीचा पर्याय आहे. दस्तुरीच्या पुढे नाही. जेथे तिची गरज आहे तेथे ती जगते. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात दुधाचे जे स्थान होते, ते माथेरानमध्ये या शटलचे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेस बाधक आहे, हे या निर्णयामागचे तत्त्व. ते योग्यच आहे. त्याच विचाराने पाहिले, तर डोक्यावर धान्याचे पोते किंवा पाहुण्याची पेटी घेऊन चढण चढणाऱ्या बाईचा भार हलका करणे हेही त्याच न्यायात बसते. त्यासाठी रुळांवर माल वाहणारे दोन डबे जोडणे, हे काही अशक्य कोटीतील काम नव्हे. अर्थात घोडेवाले आणि हमाल यांच्या पोटाचा प्रश्न बाजूस सारून चालणार नाही. त्यांना विश्वासात घेऊनच, आणि जमल्यास मालाच्या चढ-उताराचे काम त्यांच्याच सहकारी संस्थांकडे सोपवून, हा मार्ग काढावा लागेल. रहिवाशांना आणि शाळकरी मुलांना अल्प दरात पास, नेरळच्या लोकलशी जुळणाऱ्या वेळा, नेरळच्या शेडमध्ये स्थानिक तरुणांना कामाचे शिक्षण, या लहान लहान गोष्टी आहेत. त्यांतूनच हौसेची गाडी पुन्हा गरजेची गाडी होऊ शकेल.

या म्हणण्यावर आक्षेप घेता येईल. डोंगरात दरवर्षी दुरुस्तीवर पैसा ओतण्यापेक्षा रस्ता रुंद करावा, रोप-वे बांधावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तिकिटांच्या उत्पन्नातून असा मार्ग आपला सर्व खर्च भागवील, हे संभवत नाही. परंतु रस्तादेखील तिकिटांवर चालत नसतो. त्याच्या दुरुस्तीचा पैसा सरकारी तिजोरीतूनच येतो आणि त्याला कोणी तोटा म्हणत नाही. शिवाय माथेरानची सारी श्रीमंती तेथे मोटार नाही यातच आहे. रस्ता रुंद करून तीच घालविली तर पाहुण्यांनी तेथे जावे कशासाठी?

वेल्स प्रांतातील टॅलिलिन येथील उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. दगडी पाट्यांची ही रेल्वे, खाण बंद पडल्यावर, १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवावयास घेतली. जगात अशा प्रकारे वाचविलेली ती पहिली रेल्वे. आपल्याकडे रेल्वे सरकारची असल्याने तो मार्ग जसाच्या तसा आणता येणार नाही. परंतु त्यातील एक गोष्ट घेण्यासारखी आहे : गाडी आपली आहे असे भोवतालच्या माणसांना वाटले, तेव्हाच ती वाचली.

माथा ते पायथा

आता मुख्य शत्रूकडे, म्हणजे पाण्याकडे, वळू. येथे आमच्या पारनेर तालुक्यास सांगण्यासारखे काही आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते. आमचा भाग अवर्षणाचा. माथेरानला जेवढा पाऊस पडतो त्याचा साधारण दहावा हिस्सा आमच्या शिवारात पडला तरी आम्ही सुखावतो. १९७५ नंतर सुप्यापासून जवळच असलेल्या राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने, आणि पुढे नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे, गावकऱ्यांनी पाणलोटाची कामे केली. समतल चर, नालाबांध, गॅबियनचे बंधारे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द आमच्या शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले झाले. या कामाचा पहिला नियम असा की सुरुवात माथ्यापासून करावयाची आणि पायथ्याकडे यावयाचे. वरचे पाणी मोकाट सोडून खाली कितीही भक्कम बांध घातला, तरी पहिल्या मोठ्या पावसात तो फुटतो.

माथेरानच्या मार्गाची दुरुस्ती आजवर बहुधा जेथे खचले तेथे भिंत, या पद्धतीने होत आली. परंतु रुळांखालची माती जाते ती रुळांपाशी जन्मलेल्या पाण्याने नव्हे. ती जाते वरच्या उतारावरून धावत येणाऱ्या पाण्याने. झाडी विरळ झाली, पायवाटांच्या घळी झाल्या, जुन्या मोऱ्या गाळाने बुजल्या, की ते पाणी आपली वाट स्वतः काढते आणि ती वाट रुळांखालून जाते. आमच्याकडे पाणी अडवावयाचे असते, तेथे ते बेताने वाट काढून द्यावयाचे आहे. एवढा भेद सोडला तर विद्या एकच. उतारावरील वनखाते, माथ्यावरील नगरपालिका, मार्गावरील रेल्वे आणि पायथ्याच्या ग्रामपंचायती यांनी मिळून माथा ते पायथा असे काम हाती घेतले, आणि पावसाळ्यापूर्वी मोऱ्या साफ करण्याचे, पावसाळ्यात मार्गावर फिरून पाहण्याचे काम त्याच डोंगरातील ठाकूर-कातकरी तरुणांना गँगमन म्हणून दिले, तर दर काही वर्षांनी येणारा खंड टळू शकेल. डोंगर कोठे पाझरतो आणि कोठे सुटतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

सुप्यासाठी बोध

उद्या नगर–पुणे थेट लोहमार्ग झाला आणि सुप्याला स्थानक आले, तर तो आनंदाचाच दिवस होईल. त्या मार्गावरून कारखान्यांचा माल जाईल, यात शंका नाही. परंतु आम्ही या मागणीसोबत दुसरीही मागणी आताच करून ठेवावयास हवी. ती अशी की त्या मार्गावर पहाटे कामगारांना नेणारी आणि रात्री परत आणणारी साधी गाडी असावी. शेतकऱ्याचा कांदा, भाजी आणि दूध चढविण्यास जागा असावी. पुण्यास शिकावयास जाणाऱ्या मुलांना परवडेल असा पास असावा. लोकांच्या गरजेशी ज्या मार्गाचे नाते जडते तो मार्ग अडचणीतूनही तरतो, हे बार्शीने दाखविले. ज्याचे नाते तुटते तो पायवाट होऊन जातो, हे मॅनिफोल्डच्या खोऱ्याने दाखविले.

माथेरानचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. या गाडीने एकशे अठराहून अधिक पावसाळे पाहिले आहेत. पीरभॉय यांचे धन, कॅल्थ्रॉप यांची बुद्धी आणि डोंगरातील नामहीन मजुरांचे श्रम तिच्या रुळांखाली आहेत. दर वर्षी पावसाळा सरल्यावर ती पुन्हा केव्हा सुटणार, याची वाट पाहिली जाते, आणि सुटली की लोक टाळ्या वाजवितात. त्या टाळ्यांबरोबर मोऱ्या साफ आहेत की नाहीत हेही विचारले गेले, आणि तिच्या डब्यांत पाहुण्यांच्या शेजारी गावच्या मुलांना आणि गावच्या धान्याला जागा मिळाली, तर तिच्या पुनरुज्जीवनाचा हा अध्याय अखेरचा ठरेल. पुन्हा पुन्हा तो लिहावा लागणार नाही.